पावसाआधीची लस

पुण्यात ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तो एका शाळकरी मुलीचा. शाळा, चित्रपटगृहं बंद झाली, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. भीती ओसरली तशी फ्लूची लसही विस्मरणात गेली. विषाणू मात्र रूप पालटत राहतो, म्हणून लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लूचा जोर वाढतो आणि लसीचं संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. तेव्हा मे महिन्यातच ती टोचून घ्यावी. अंगावर काढलेला ‘साधा ताप’ वृद्धांना, मधुमेह्यांना, गरोदर बायकांना न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो; हृदयविकाराचा धोकाही वाढवतो. बाळाच्या लसीची तारीख आपण कॅलेंडरवर लिहितोच. त्याच कॅलेंडरवर यंदा आजी-आजोबांचीही लिहा, आणि त्याआधी डॉक्टरांशी बोला.