‘जॉइन’च्या मानेवरचं जू

हल्ली माणूस नोकरीवर रुजू होत नाही, जॉइन होतो. ‘रुजू’ तरी कुठे आपला? तोही अरबीतलाच. तेव्हा शुद्धतेचा कांगावा नको. पण जॉइन होणाऱ्याने या क्रियापदाचं कूळ एकदा विचारून घ्यावं.

1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, दरबार आणि न्यायालयं फ्रेंच बोलू लागली. 1300 च्या सुमारास ‘जॉइन’ इंग्रजीत रुळला, तो त्या फ्रेंचमधून. त्याच्या मागे लॅटिन ‘युंगेरे’, म्हणजे जोडणं, जुंपणं. जुवाला लॅटिनमध्ये ‘युगुम’, संस्कृतात ‘युग’. आपलं ‘जू’ हे त्या युगाचंच झिजलेलं रूप. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असं भाषापंडित विल्यम जोन्स कलकत्त्यात म्हणाला ते 1786 मध्ये. गंमत अशी, की इंग्रजीच्या घरात याच मुळाचा ‘योक’ आधीपासून होता. पुढे तिने आपला ‘योग’ही उचलला. एकच धातू, तीन दारांनी आत आला.

जू जवळून पाहावं. एक आडवं लाकूड, टोकांना शिवळा, गळ्याखालून जोत. दोन बैल शेजारी उभे, वजन निम्मंनिम्मं. पाहणाऱ्याला वाटावं, काय ही बरोबरी! कासरा मात्र तिसऱ्याच्या हातात. जोडण्याच्या गप्पांत हा तिसरा नेहमी गाळला जातो.

रोमन लोकांना तो चांगला ठाऊक होता. इ.स.पू. 321 मध्ये कॉडियमच्या खिंडीत इटलीतल्याच सॅम्नाइट लोकांनी त्यांचं सैन्य कोंडलं. दोन भाले उभे, एक आडवा, आणि त्या जुवाखालून शस्त्रं टाकलेले सैनिक वाकून बाहेर. जिंकून दास करण्याला इंग्रजी ‘सब्जुगेट’ म्हणते, ते शब्दशः ‘जुवाखाली आणणं’च. दांपत्यासाठीचा ‘कॉन्ज्युगल’ याच गोठ्यातला, यावर संसारी वाचकांनी हवं तेवढं हसावं.

9 मे 1754 ला बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या वर्तमानपत्रात सापाचं चित्र छापलं. आठ तुकडे, तुकड्यांवर अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींची आद्याक्षरं, खाली ‘जॉइन’चीच आज्ञा: जुळा, नाहीतर मरा. वसाहतींना वाटणारी फ्रेंचांची धास्ती खरीच होती. तरी विनंतीच्या जागी धमकी आलीच.

आज जॉइनिंग लेटर हाती पडलं की नवा माणूस आधी पगाराचा आकडा बघतो. नोटीस पीरियडचं कलम बहुधा मागच्या पानावर असतं.