घंटा नेमकी कधी वाजली?

ईईजीच्या प्रयोगात सगळ्यांचे लक्ष डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडकडे जाते. पण घंटा कधी वाजली, चित्र कधी दिसले, बटण कधी दाबले याची नोंद चुकली, तर तो आलेख म्हणजे नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. एका घंटेला मेंदूने दिलेला प्रतिसाद जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा. इतर लहरींत तो बुडून जातो. म्हणून तीच घटना अनेकदा घडवून, प्रत्येक वेळचा क्षण जुळवून सरासरी काढतात. तेव्हा कुठे ‘पी-३००’ ही सुमारे ३०० मिलिसेकंदांनी येणारी लहर दिसते. ६० हर्ट्‌झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनीच चित्र बदलतो. हा विलंब प्रकाशसंवेदक लावून मोजता येतो. तरी केवळ संगणकाच्या घड्याळावर विसंबणे हा आळसच.

त्याहून घातक प्रकार संकेतांकांचा. फाइलमध्ये ‘११’, ‘२१’ असे आकडे, आणि त्यांचा अर्थ प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यात! तो प्रयोगशाळा सोडून गेला की सगळी नोंद मुकी. घटनांचा तक्ता आणि आकड्यांचे अर्थ लिहिण्याची सोय ‘ईईजी-बिड्स’ या मांडणीत २०१९ पासून आहे. स्वयंसेवक डोक्याला जेल थापून तासन्‌तास बसतात. त्यांच्यासाठी तरी नियतकालिकांनी शोधनिबंधासोबत ही फाइल सक्तीने मागावी. ती हाताने दुरुस्त केली असेल, तर काय बदलले तेही मागावे.