दवाखाना २४ तास उघडा आहे असं एआयने लिहिलं. पण दवाखान्याला कुणी विचारलं का?

आजची पोस्ट जरा लांब आहे. ज्यांचं दुकान, दवाखाना, क्लास किंवा मंगल कार्यालय आहे त्यांनी पूर्ण वाचावी. ज्यांची मुलंमुली डिजिटल मार्केटिंगच्या कामाला आहेत, त्यांनी तर नक्कीच.

आपल्या बार्शीत एक छोटी एजन्सी आहे. मालक धरून सात माणसं. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका एजन्सीचा नाही. कुणी मोबाईलवर "जवळचा हाडांचा डॉक्टर" किंवा "बार्शीत लग्नाचा हॉल" असं शोधलं की आपल्या गिऱ्हाइकाचं नाव वर दिसावं, यासाठी ही मंडळी राबतात. गेल्या काही महिन्यांत मालकाने तिथल्या सगळ्या कामात एआय आणलं. बातमीच्या निमित्ताने मी चार-पाच वेळा तिथे जाऊन बसलो. मालक ओळखीचा आहे. त्याने मला जाहिरात दिलेली नाही आणि चहापलीकडे काही पाजलेलंही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझं मत सरळ आहे. एआय वापरा, जरूर वापरा. पण गावाची माहिती त्याच्या भरवशावर सोडू नका. आणि त्यातून वाचलेला वेळ माणसं कमी करण्यात घालवू नका. असं का म्हणतो, ते सांगतो.

आधी हे काम काय आहे ते बघू. गूगलवर प्रत्येक धंद्याचं एक पान असतं. पूर्वी त्याला गूगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ पासून नाव बदलून गूगल बिझनेस प्रोफाइल झालं. त्यात पत्ता, फोन, वेळ, फोटो, धंद्याचा प्रकार आणि लोकांचे रिव्ह्यू. कुणाचं नाव वर दाखवायचं हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं असं गूगल स्वतः सांगतं: शोधणाऱ्याला जे हवं ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही किती जवळ आहात आणि तुमचं नाव किती जाणतं आहे. म्हणजे माहिती खरी, पूर्ण आणि ताजी ठेवणं हेच यातलं निम्मं काम. ते किचकट आहे. दिवाळीत वेळ बदलली, डॉक्टरांनी फोन बदलला, दुकान पेठेतून उपळाई रोडला गेलं, की सगळीकडे बदल करत बसायचं.

मालक म्हणाला, "सगळेच वापरायलेत, दादा. आपण नाही घेतलं तर मागं पडतोय." चूक नाही त्याचं. आणि फायदा मी डोळ्यांनी पाहिला. एका हॉटेलचे दोन वर्षांचे रिव्ह्यू एआयला दिले, तर त्याने थोड्या वेळात सांगितलं की जेवणाबद्दल तक्रार जवळजवळ नाहीच, लोक गाडी लावायच्या जागेवरून वैतागतात. माणसाला यासाठी अर्धा दिवस बसावं लागलं असतं. एका दुकानदाराने व्हॉट्सअपवर आपल्या बोलीत व्हॉइस नोट पाठवली, तिचा नीटनेटका मराठी आणि इंग्रजी मजकूर झाला. वेगवेगळ्या ठिकाणी फोन नंबर वेगळा पडलाय का, हे तपासायलाही मदत झाली. ही कामं त्याने करावीत. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

अडचण पुढे आहे.

एका त्वचारोगतज्ज्ञांच्या पानासाठी मजकूर मागितला, तर त्यात "२४ तास तातडीची सेवा उपलब्ध" असं वाक्य आलं. डॉक्टर बसतात सकाळी दहा ते दोन. एका मंगल कार्यालयाबद्दल "बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर" असं आलं. कार्यालय लातूर रोडला, गावाबाहेर. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. ही साधनं पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज बांधून लिहितात. दवाखान्यांच्या हजारो वर्णनांत "२४ तास" असतं, म्हणून इथेही आलं. बार्शीतला तो दवाखाना त्याने पाहिलेला नाही, आणि तिथे फोन लावून विचारावं असं त्याला आपणहून सुचत नाही.

फोन लावला तो तिथल्या एका मुलीने. बीकॉम झालेली, वैरागहून रोज एसटीने येते. मजकूर वाचला, शंका आली, दवाखान्यात विचारलं, वाक्य काढलं. दोन मिनिटांचं काम. पण ही दोन मिनिटं किती मोलाची आहेत ते बघा. आपलं गाव दवाखान्यांचं गाव आहे. भूम, परांडा, वाशी, कळंबकडून रात्री-अपरात्री पेशंट घेऊन लोक इथे येतात. मोबाईलवर "उघडा आहे" असं दिसलं म्हणून कुणी पोटात दुखणारं लेकरू घेऊन बंद शटरसमोर उभं राहिलं, तर त्या वाया गेलेल्या वेळेचा हिशोब कुणी द्यायचा? डॉक्टर म्हणणार एजन्सीने लिहिलं, एजन्सी म्हणणार एआयने लिहिलं. एआयला कोण विचारणार?

आणि आता चूक एका पानावर थांबत नाही. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल शोधाच्या वरच एआयने तयार केलेलं उत्तर दाखवू लागलं. ते उत्तर इंटरनेटवरच्याच मजकुरातून बनतं. म्हणजे आपण एआयकडून चुकीचं लिहून घ्यायचं, ते दुसऱ्या एआयने वाचायचं आणि खात्रीच्या सुरात लोकांना सांगायचं.

दुसरी गोष्ट रिव्ह्यूला उत्तरं देण्याची. एका हॉस्पिटलच्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं की आईला ताप असताना तीन तास बाकड्यावर बसवून ठेवलं. एआयने लिहिलेलं उत्तर: "आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक धन्यवाद! आम्हाला पुन्हा सेवेची संधी द्या." अहो, हॉस्पिटलला पुन्हा संधी द्या म्हणजे काय, परत आजारी पडा? हे उत्तर प्रसिद्ध होण्याआधी थांबलं, कारण वाचणारं माणूस होतं. तिथे हॉस्पिटलच्या कुणीतरी त्या घरी फोन करणं हेच खरं उत्तर.

याच कामात आणखी एक धोका आहे. उत्तर चांगलं यावं म्हणून पेशंटचं नाव, आजार, बिल असं सगळं त्या साधनात चिकटवायची सवय लागते. ती माहिती पेशंटची आहे, आपली नाही. देशात २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झालाय. कायदा बाजूला ठेवला तरी, डॉक्टरांच्या केबिनमधलं बोलणं बाहेर सांगायचं नसतं हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं.

खोट्या रिव्ह्यूबद्दल तर वेगळं सांगायलाच नको. पन्नास वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखे पन्नास रिव्ह्यू एआय चुटकीसरशी देतं. या एजन्सीने ते केलं नाही, पण गिऱ्हाइकं मागतात, उघड मागतात. "पलीकडच्याचे दोनशे झाले, माझे चाळीसच का?" मंडळी, ही फसवणूक आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूसाठी आयएस १९००० हे मानक काढलं ते याच कारणाने. ते पाळणं तेव्हा ऐच्छिक ठेवलं, हे आपलं दुर्दैव.

आता माणसांचा प्रश्न. पूर्वी तिथे एकजण आठ-दहा गिऱ्हाइकं सांभाळायचा, आता जास्त सांभाळता येतील. मग उरलेल्या माणसांचं काय? पहिल्या मीटिंगनंतर तिथली मुलं गप्प झाली होती. एकाने मला जिना उतरताना विचारलं, "दादा, आमचं किती दिवस?" पुण्याला न जाता गावातच राहून पोट भरता येईल म्हणून त्याने हा कोर्स केला होता. त्याला खोटा दिलासा मी दिला नाही. पण मालकाला जे बोललो ते इथे लिहितो.

तू घेतलेलं साधन तुझ्या गिऱ्हाइकाच्या भाच्याच्या मोबाईलमध्येही आहे, तेही फुकट. तू फक्त मजकूर विकत असशील, तर उद्या तो म्हणेल, भाचा करतोय, तुमची गरज नाही. दर कमी केलास तर सोलापूर-पुण्यातला कुणीतरी त्याहून कमी करेल. "वैरागमधील सर्वोत्तम प्लंबर", "पांगरीतील सर्वोत्तम प्लंबर" अशी शंभर पानं पाडत बसलास, तर तेही चालायचं नाही. फक्त वर दिसण्यासाठी ढिगाने तयार केलेल्या मजकुराविरुद्ध गूगलने मार्च २०२४ मध्ये नियम कडक केलेत, मग तो एआयने लिहिलेला असो की माणसाने. तुझ्याकडे असं काय आहे जे पुण्यातल्या एजन्सीकडे नाही? वैरागहून येणारी ती मुलगी. तिला माहीत आहे की बाजाराच्या दिवशी कुठला रस्ता तुंबतो, कुठल्या डॉक्टरांकडे नंबर लावायला पहाटे यावं लागतं, लोक दुकानाला पाटीवरच्या नावाने नाही तर मालकाच्या आडनावाने ओळखतात. हे ज्ञान विकायला ठेव. वाचलेला वेळ तिला टेबलाशी बसवून घालवू नकोस, तिला बाजारात पाठव, फोटो काढू दे, दुकानदारांशी बोलू दे.

त्याने सगळं ऐकलं असं नाही. पण एक कागद टाइप करून भिंतीला लावलाय: वेळ, पत्ता, फोन, दर आणि डॉक्टरांची पदवी गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय टाकायची नाही. तक्रारीचं उत्तर माणूसच लिहील. पेशंटचं नाव साधनात टाकायचं नाही. आणि प्रत्येक मजकुराखाली तपासणाऱ्याची सही. सहीची ही अट मला सगळ्यात आवडली, कारण चूक झाली तर बोट दाखवायला एआय नाही, एक माणूस आहे. फक्त ही सही पगार ठरवतानाही मोजली जावी. तपासणं हे काम आहे, त्याचे पैसे द्यायला हवेत.

आता तुम्हाला विनंती. तुमचं पान कुणी सांभाळत असेल तर त्यांना तीन प्रश्न विचारा. मजकूर कोण तपासतं? रिव्ह्यूला उत्तर कोण देतं? आमच्या गिऱ्हाइकांची माहिती कुठे टाकता? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर समजून जा. आणि आज रात्री स्वतःच्या दुकानाचं नाव मोबाईलवर शोधून बघा. वेळ बरोबर आहे का, फोन लागतो का, एवढं तरी बघा.

तुमचा अनुभव कमेंटमध्ये लिहा. कुणाला चुकीच्या वेळेमुळे हेलपाटा पडला असेल तर तेही लिहा. दवाखान्याचं नाव टाकू नका, त्यांना आधी फोन करून सांगा. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर इथेच भांडा.