दातांच्या नावावर काहीही खपवू नका

"अगं, दात येत असतील. दुसरं काय?"

हे वाक्य तुमच्या घरात किती वेळा बोललं गेलंय, आठवून बघा. बाळ किरकिरलं, दात. ताप आला, दात. जुलाब झाले, मग तर दातच. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर पुण्याची आजी, नाशिकची आत्या आणि डोंबिवलीची काकू एकमुखाने निदान करतात आणि इकडे न्यू जर्सीत आपला जीव भांड्यात पडतो. माझं म्हणणं सरळ आहे. ताप आणि जुलाबांच्या बाबतीत हे वाक्य घरात उच्चारायचंच नाही, असा नियम करा.

एवढं ठासून का सांगते, तेही ऐका. माझी लेक आठ महिन्यांची असताना तिला ताप आला, जुलाब लागले. खालच्या हिरडीवर पांढरी रेघ दिसत होती, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. मलाही नाही. तीन दिवस मी डॉक्टरांना साधा फोन केला नाही. चौथ्या दिवशी सकाळी डायपर कोरडा, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेलेली. इमर्जन्सीत सलाइन लावायला तिच्या हाताची शीर सापडेना. पोटाचा संसर्ग होता. दात त्यानंतर दोन आठवड्यांनी आला, कुणालाही त्रास न देता.

चूक आजीची नव्हती. ती आठ हजार मैलांवर होती. बाळ माझ्या मांडीवर होतं.

आता तुम्ही म्हणाल, पण दात येतानाच मुलं आजारी पडतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पाहिलं असेलच. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, आणि नेमकं त्याच सुमाराला आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरायला लागतं. बाळ रांगू लागतं, जे दिसेल ते तोंडात घालतं. वरचं खाणं सुरू होतं. आपल्याकडे तर रजा संपल्यामुळे त्याआधीच डे-केअर सुरू झालेलं असतं. शिवाय अडीच-तीन वर्षांत वीस दात यायचे, म्हणजे कधीही आजारी पडलं तरी एखादा दात वाटेवर असतोच. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही.

हे तपासूनही झालंय. २००० साली 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. सव्वाशे बाळांच्या पालकांनी रोज नोंदी ठेवल्या होत्या. दात येण्याच्या दिवसांत चावणं, लाळ, हिरड्या चोळणं, चिडचिड, घन पदार्थ नको म्हणणं आणि अंग किंचित कोमट होणं एवढं वाढलेलं दिसलं. १०२ च्या वरचा ताप, जुलाब, उलट्या, खोकला यांचा दातांशी संबंध दिसला नाही.

"आमची मुलं अशीच वाढली" हा शेवटचा हुकमी एक्का. वाढली, खरंय. पण जी वाढली नाहीत, ती व्हिडिओ कॉलवर नसतात. माझ्या आजीचा एक भाऊ "दातांवर गेला" असं आमच्या घरी सांगतात. कशाने गेला असेल, हे आता कोण सांगणार? आणि याबाबतीत गोरेही मागे नव्हते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या मृत्युनोंदींत "दात येणे" हे चक्क मरणाचं कारण म्हणून लिहिलं जाई. त्यावर उपाय म्हणून दिलेल्या पुडीत पारा असे, आणि त्या पाऱ्याने मुलं खरोखर आजारी पडत.

आजही दुकानाचं कपाट भरलेलंच आहे. हिरड्या बधिर करणाऱ्या बेंझोकेनच्या जेलने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्याविरुद्ध बजावलं. त्याच वर्षी अंबरच्या माळांबद्दलही बजावलं, कारण झोपेत माळेचा फास बसून एक मूल दगावलं होतं. दातांच्या काही होमिओपॅथी गोळ्यांत बेलाडोनाचं प्रमाण कमीजास्त आढळलं, म्हणून २०१७ मध्ये त्याही देऊ नका असं सांगितलं. आणि आपल्या सुटकेसमधून येणाऱ्या गोळ्या? "त्या गोड असतात, काही होत नाही" एवढ्यावर आपण त्या बाळाच्या जिभेवर ठेवतो.

मग करायचं काय? स्वच्छ हात धुऊन बोटाने हिरडी हलकेच दाबा. ओलं फडकं फ्रिजमध्ये गार करून चावायला द्या, गोठवू नका. रबराची टणक रिंग चालेल, गळ्यात बांधून नाही. खारकेचा किंवा गाजराचा तुकडा नको, घशात अडकतो. लाळ वरचेवर टिपा, हनुवटीला व्हॅसलीन लावा. फारच कळवळलं तर डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे ताप-दुखीचं औषध. आणि कडेवर घेऊन फेऱ्या मारा. यात आजीचा हात कुणी धरणार नाही.

पण ताप १००.४ च्या वर गेला, जुलाब-उलट्या सुरू झाल्या, बाळ पीत नाही, डायपर कोरडे राहू लागले, तर दातांचा विषय तिथेच संपला. फोन उचला. तीन महिन्यांखालचं बाळ असेल तर मिनिटभरही थांबू नका.

वरचा दात आधी आला तर मामाला जड जातो, असंही आपल्याकडे म्हणतात. तेवढं खुशाल म्हणा, मामा ते सोसेल. पण पुढच्या रविवारी "दात येत असतील" असं कुणी म्हणालं, तर भांडू नका. "असतील हो. थांबा, थर्मामीटर घेऊन येते," एवढंच म्हणा, आणि खरंच आणा.