वजन वाढले म्हणजे बरकत नव्हे



लठ्ठपणा हा शेठ-सावकारांचा रोग, काबाडकष्ट करणाऱ्याला तो कशाला होईल, अशी आपली समजूत. ती आता खोटी ठरली आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर 100 बायांपैकी 24 आणि पुरुषांपैकी 23 जणांचे वजन उंचीच्या मानाने जास्त निघाले. शहरात प्रमाण अधिक, पण खेडीही सुटलेली नाहीत.

हिशेब सोपा आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. आपल्या लोकांत उत्तर 25 आले की लठ्ठपणा, 40 आले की अतिलठ्ठपणा. सव्वापाच फुटांच्या माणसाला 64 किलोवर पहिली रेघ, 102 किलोवर दुसरी. त्या दुसऱ्या रेघेपलीकडे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि काही कर्करोगांचा धोका फार वाढतो. गुडघे जातात, झोपेत श्वास अडतो.

आपली मेख वेगळीच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून जवळच्या सहा खेड्यांतल्या आया-बाळांचा अभ्यास केला. बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांहून पाऊण किलोने हलकी. पण कमी पडले होते ते मांस. चरबी त्या मानाने टिकून होती. आपल्या माणसाला मधुमेह कमी वजनावरच गाठतो, तो उगाच नव्हे. म्हणून पुरुषाची कंबर 90 आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली की रक्तातली साखर तपासून घ्यावी.

कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला उधळ्या म्हणणारे आपण पाहिले. वजनाखाली दबलेल्याला खादाड म्हणणारे त्यांचेच भाऊबंद. वजन उतरू लागले की शरीर भूक वाढवते आणि खर्च आवरते. नुसत्या निश्चयाने हे जमत नाही. तरीही 100 किलोच्या माणसाने 5-10 किलो उतरवले तरी साखर आणि रक्तदाब सुधारतात. अतिलठ्ठपणावर औषधे आणि शस्त्रक्रिया आहेत. पावडरी विकणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नये.

ताटाचेही राजकारण आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य आहे, पण रेशन दुकानात बहुतेक गहू-तांदूळच मिळतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक बाहेरून येते, त्यात पामतेल सर्वांत जास्त. ज्वारी पिकवणाऱ्याला भाव नाही आणि त्याच्याच पोराच्या हातात तळलेल्या पदार्थाची पुडी! ज्वारी खाल्ली की वजन उतरते, असे आम्ही म्हणत नाही. भाकरीही बेताचीच हवी. पण ताटात काय पडावे हे आयातदाराने का ठरवावे?

आमची मागणी दोन गोष्टींची. रेशनवर ज्वारी आणि डाळ द्या, ती रास्त भावाने आमच्याकडून घ्या. आणि प्रत्येक आठवडी बाजारात वजन, कंबर, साखर, रक्तदाब तपासणारा माणूस बसवा. कापसाचा चुकारा दवाखान्यात ओतण्यापेक्षा हे स्वस्त आहे.