लष्करी हवाई रसदपुरवठा आणि नाशिक

लष्करी हवाई रसदपुरवठा म्हणजे सैनिक, दारूगोळा, इंधन, शिधा व औषधे विमानांनी किंवा हेलिकॉप्टरांनी युद्धक्षेत्रात पोहोचविणे आणि परतीच्या फेरीत जखमींना मागे आणणे होय. भारतात हे काम मुख्यतः हवाई दल करते. मात्र आघाडीच्या चौक्यांपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात भूदलाच्या हवाई शाखेचाही, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअरचाही, मोठा वाटा असतो. या शाखेची स्थापना १ नोव्हेंबर १९८६ रोजी झाली. तिच्या वैमानिकांना लढाऊ प्रशिक्षण देणारी शाळा २००३ पासून नाशिक व नाशिकरोड यांच्या दरम्यान असलेल्या गांधीनगर येथे आहे.

धावपट्टीचे महत्त्व

रसद तुटली की सैन्याची काय अवस्था होते, हे मराठी वाचकाला पानिपतापासून ठाऊक आहे. १७६१ मध्ये अन्न आणि चारा संपल्यामुळे उपाशी सैन्याला लढाईला तोंड द्यावे लागले. विमानांमुळे वेढा पडलेल्या किंवा रस्ता नसलेल्या ठिकाणीही रसद पोहोचविण्याची सोय झाली. तथापि या सोयीला दोन अटी आहेत. विमान उतरण्याजोगी जागा आपल्या ताब्यात असली पाहिजे आणि रोज लागेल तेवढा माल रोज आणता आला पाहिजे.

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटची पहिली तुकडी डाकोटा विमानांनी श्रीनगरला उतरली. विमानतळ भारताच्या हाती राहिला, म्हणून मागून कुमक येत राहिली आणि काश्मीरचे खोरे वाचले. याच्या उलट २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने हेलिकॉप्टरांतून आपले सैनिक कीव्हजवळच्या होस्टोमेल विमानतळावर उतरविले. युक्रेनच्या प्रतिकारामुळे तेथे मोठी मालवाहू विमाने उतरविता आली नाहीत आणि राजधानी झटपट घेण्याचा बेत फसला. दुसऱ्या अटीचे उदाहरण स्टालिनग्राडचे आहे. १९४२-४३ च्या हिवाळ्यात तेथे वेढल्या गेलेल्या जर्मन सैन्याला दररोज किमान ३०० टन माल हवा होता. विमाने सरासरी त्याच्या एकतृतीयांशाच्या आसपासच माल पोहोचवू शकली.

मोठी विमाने कोठपर्यंत?

गलवान खोऱ्यातील जून २०२० च्या चकमकीनंतर हवाई दलाने ६८ हजारांहून अधिक सैनिक, सुमारे ९० रणगाडे आणि जवळपास ३३० चिलखती वाहने पूर्व लडाखला नेली, असे वृत्तसंस्थांनी ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले. सत्तर टनांहून अधिक भार उचलणारे सी-१७ विमान अशा मोहिमेचा कणा असते. २० ऑगस्ट २०१३ रोजी सी-१३०जे विमान दौलत बेग ओल्डी येथील १६,६०० फुटांहून अधिक उंचीच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हा त्याचे देशभर कौतुक झाले. ते योग्यच होते.

परंतु हे आकडे धावपट्टीपर्यंतचे आहेत. सैनिक धावपट्टीवर राहत नाही. त्याची चौकी पुढे, अनेकदा आणखी काही हजार फूट वर असते. सियाचीनचे उदाहरण घेतल्यास चंदीगडहून मालवाहू विमान लेह किंवा थॉइस येथे येते, तेथून मोठी हेलिकॉप्टरे माल पुढे नेतात आणि हिमनदीवरच्या चौक्यांसाठी अखेर चीता हे छोटे हेलिकॉप्टर लागते. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘मेघदूत’ मोहिमेत कॅप्टन संजय कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखालील कुमाऊँ रेजिमेंटची तुकडी बिलाफोंड ला या खिंडीजवळ उतरविली गेली, तीही चीतांतूनच. (कालिदासाचा मेघ विरही यक्षाचा निरोप घेऊन हिमालयाकडे निघाला होता, हा मेघदूत बंदुका आणि रॉकेल घेऊन गेला.)

अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास येतो. विरळ हवेत पात्यांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची शक्तीही घटते. त्यामुळे सर्वांत उंच चौक्यांवर चीता एका फेरीत कधी कधी रॉकेलचा एखादाच कॅन नेऊ शकतो. तो कॅन म्हणजे बर्फ वितळवून मिळणारे पाणी आणि तंबूतली ऊब. थंड हवा अधिक दाट असते, म्हणून उड्डाणे शक्यतो पहाटे होतात. चीताला एकच इंजिन असल्याने सुरक्षिततेसाठी दोन हेलिकॉप्टरे जोडीने उडतात. सी-१७ ने एका फेरीत आणलेला माल चौक्यांवर पोहोचायला चीताच्या किती फेऱ्या लागत असतील, याचा हिशेब विद्यार्थ्यांनी करून पाहण्यासारखा आहे.

नाशिकचा संबंध

भूदलाच्या हवाई शाखेचे मूळ तोफखान्यात आहे. हलक्या विमानातून तोफांचा मारा कोठे पडतो ते पाहून दुरुस्ती सांगणारे तोफखान्याचे अधिकारी हे तिचे पूर्वसूरी होत. तोफखान्याची प्रशिक्षण शाळा नाशिकजवळ देवळालीत आहे. १० ऑक्टोबर २०१९ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी गांधीनगर येथेच या शाखेला राष्ट्रपतींचे निशाण प्रदान केले. २५ मे २०२२ रोजी कॅप्टन अभिलाषा बराक या येथूनच भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून उत्तीर्ण झाल्या.

नाशिककरांना मात्र विमान म्हटले की ओझर आठवते. तेथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग आणि सुखोई तयार झाली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले आणि वृत्तपत्रांनी त्याला भरपूर जागा दिली. गांधीनगरच्या जुन्या हेलिकॉप्टरांच्या वाट्याला एवढी जागा सहसा अपघात झाल्यावरच येते.

सद्यःस्थिती

चेतक १९६० च्या आणि चीता १९७० च्या दशकापासून सेवेत आहेत. दोहोंची रचना मूळची फ्रेंच असून त्यांच्या जागी नवी हेलिकॉप्टरे आणण्याचे प्रयत्न अनेकदा रेंगाळले. रशियाशी २०१५ मध्ये ठरलेला कामोव्ह-२२६ हेलिकॉप्टरांचा व्यवहार पुढे सरकला नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने स्वतः हलके हेलिकॉप्टर विकसित केले आणि कर्नाटकातील तुमकुरू येथे त्यासाठी उभारलेल्या कारखान्याचे उद्घाटन ६ फेब्रुवारी २०२३ रोजी झाले. तरी ते अजून चीताची जागा घेऊ शकलेले नाही.

या दिरंगाईचा परिणाम अलीकडे उघड दिसला. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाच्या ध्रुव हेलिकॉप्टरला अपघात झाला आणि देशातील सर्व ध्रुवांची उड्डाणे थांबविण्यात आली. भूदल व हवाई दलाच्या ध्रुवांना मे महिन्याच्या सुरुवातीस पुन्हा परवानगी मिळाली. ऐन हिवाळ्यात, बर्फाने रस्ते बंद असताना, पुरवठ्याचे एक प्रमुख साधन असे जमिनीवर होते. २०२४ च्या नोव्हेंबरपासून जम्मू-काश्मीर व लडाखमधील काही चौक्यांसाठी खासगी कंपन्यांची नागरी हेलिकॉप्टरे भाड्याने घेतली जात होती. ती व्यवस्था उपयोगी पडण्यासारखी होती. शांततेत हा मार्ग शहाणपणाचा आहे, कारण त्यामुळे लष्करी यंत्रांचे आयुष्य वाचते. गोळीबार सुरू झाल्यावर मात्र नागरी वैमानिकाकडून तीच अपेक्षा ठेवता येणार नाही.

चेतक-चीतांच्या जागी सुमारे २०० हेलिकॉप्टरे घेण्यासाठी संरक्षण मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये कंपन्यांकडून माहिती मागविली. माहिती, निविदा, चाचण्या आणि करार या पायऱ्यांना आपल्याकडे वर्षे लागतात. नवे यंत्र येईपर्यंत गांधीनगरहून बाहेर पडणाऱ्या तरुण वैमानिकांपैकी अनेकांना आपल्या वयापेक्षा जुन्या रचनेची हेलिकॉप्टरे घेऊनच हिमनदीवर जावे लागेल.