मनीला वळण लावताना

पावसाळा सरत आला की या पानाकडे येणाऱ्या पत्रांत मांजरीच्या पिल्लांचा विषय हमखास डोकावतो. जिन्याखाली, माळ्यावर, शेजारच्या गॅरेजमध्ये मांजर विते, पिल्ले डोळे उघडून हिंडू लागतात आणि एके दिवशी घरातले धाकटे चिरंजीव सदऱ्यात गुंडाळून एक पिल्लू घेऊन दारात उभे! पहिले दोन दिवस कौतुकाचे. तिसऱ्या दिवशी दिवाणाखालून वास येतो, चौथ्या दिवशी पाहुण्यांच्या अंथरुणावर ओल सापडते आणि सासूबाई निर्वाणीचे बोलतात, "आठ दिवसांत ह्याला वळण लाव, नाहीतर मंडईत सोडून ये." मुले रडकुंडीला येतात. निस्तरायचे असते ते मात्र तुम्हा-आम्हालाच.

भगिनींनो, मंडईत सोडण्याचा विचार आधी मनातून काढा. घरात वाढलेले पिल्लू तिथल्या कुत्र्यांच्या आणि गाड्यांच्या तावडीतून क्वचितच सुटते. शिवाय भुकेने, तहानेने हाल होतील अशा ठिकाणी जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि सासूबाईंनी दिलेले आठ दिवस बहुतेक पिल्लांना पुरतात, हे त्यांना खुशाल सांगा.

याचे कारण असे, की मांजराला हे शिकवावेच लागत नाही. जन्मल्यापासून साधारण तीन आठवडे आई पिल्लाला चाटून त्याची शी-शू करवते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ते आपणहून भुसभुशीत जागा हुंगत फिरते, उकरते, बसते आणि वर माती ओढते. 'काय करायचे' हे त्याला ठाऊक असते. 'कुठे करायचे' एवढेच आपण दाखवायचे. आपल्या फ्लॅटमध्ये सगळीकडे गुळगुळीत फरशी, मग बिचाऱ्याने गादीवर जाऊ नये तर कुठे जावे?

तेव्हा पहिले काम म्हणजे त्याला जागा द्या. प्लॅस्टिकचा पसरट टब किंवा जुने घमेले चालेल. मात्र त्याची कड पिल्लाला सहज ओलांडता आली पाहिजे, तीन-चार बोटांहून उंच नको. त्यात दोन इंच जाडीचा थर घाला. नदीची कोरडी रेती चाळून घ्या किंवा सुताराकडचा साध्या लाकडाचा भुसा आणा. प्लायवूडचा नको, त्यात गोंद आणि रसायने असतात. चुलीची राख काही घरांतून वापरतात, पण ती पंज्यांना आणि नाकाला चरचरते, शिवाय घरभर उडते. हल्ली दुकानात तयार वाळू मिळते. तिचा जन्म अमेरिकेतला. १९४७ साली मिशिगन राज्यात एडवर्ड लो नावाच्या गृहस्थाने शेजारणीला मांजरासाठी रेतीऐवजी 'फुलर्स अर्थ' दिली आणि त्यातून मोठा धंदा उभा राहिला. आपण चेहऱ्याला लावतो ती मुलतानी माती याच जातीची! ओली झाली की गोळा होणारी माती सोयीची खरी, पण दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ती देऊ नये. लहान पिल्ले ती चाखून पाहतात आणि पोटातही तिचा गोळा होऊ शकतो.

टब कोपऱ्यात, वर्दळीपासून दूर ठेवा. धुलाईयंत्राशेजारी नको, आवाजाने पिल्लू एकदा दचकले की पुन्हा तिकडे फिरकत नाही. खाण्यापिण्याच्या बशीजवळ तर मुळीच नको. जेवायच्या जागी घाण करायची नाही ही शिस्त मांजराला उपजतच असते. पहिले काही दिवस पिल्लाला सगळे घर मोकळे देऊ नका. एकच खोली, तिच्या एका कोपऱ्यात अंथरूण आणि बशी, दुसऱ्यात टब. झोपून उठले की आणि खाऊन झाले की पंधरा-वीस मिनिटांत उचलून टबात ठेवा. पंजा धरून उकरून दाखवायची गरज नाही, त्याने ते बावरते. जमले की लगेच शाबासकी, तोंडात एखादा खाऊचा तुकडा. चुकले तर नाक घाणीत घासणे, चापट मारणे हे प्रकार बंद! त्यातून पिल्लू एवढेच शिकते की तुमच्यासमोर शू करणे धोक्याचे आहे. मग ते कपाटामागे जाऊन करते आणि आपण म्हणतो, किती लबाड मेलं!

चुकलेल्या जागेचा वास पूर्ण गेला नाही तर ते पुन्हा तिथेच जाणार. इथे आपल्या घरांतून एक मोठा धोका होतो, तो फिनाईलचा. फिनाईल आणि पाण्यात टाकल्यावर दुधासारखी होणारी जंतुनाशके मांजराला विषारी असतात. त्याच्या यकृताला ती पचवून बाहेर टाकता येत नाहीत. फरशीवरचे फिनाईल पंज्यांना लागते आणि पंजे चाटल्यावर पोटात जाते. म्हणून ओल जुन्या फडक्याने टिपून घ्या, साबणाच्या पाण्याने पुसा आणि मग निम्मे व्हिनेगर, निम्मे पाणी फिरवा. शहाबादी किंवा संगमरवरी फरशीवर मात्र व्हिनेगर नको, ती चरते. तिथे साबणाचे पाणीच दोन-तीनदा वापरा. गादीला दोन उन्हे द्या, आणि वळण लागेपर्यंत वर मेणकापड घाला.

तुळशीच्या कुंडीत पिल्लू बसले म्हणून घरात रामायण झाल्याचे अनेकींनी लिहिले आहे. कुंडीतल्या मातीवर नदीतले गोटे दाटीने मांडा, उकरायला जागाच राहणार नाही. आणि त्यातून एक गोष्ट ध्यानात घ्या, तुमच्या पिल्लाला माती आवडते! तीच दोन मुठी माती टबातल्या रेतीवर पसरा. त्या दिवसापासून फरक दिसू लागेल. मोरीत जाणाऱ्या पिल्लाचे काहीजणी कौतुक करतात, "पाणी ओतलं की झालं." मला ते पटत नाही. घरातली माणसे तिथे आंघोळ करतात, आणि दार बंद असले की पिल्लू दुसरी जागा शोधते. मोरीच्या जाळीवर दोन दिवस पाणी साठवून ठेवा आणि टब जवळच बाहेर मांडा.

रोज सकाळी आणि रात्री टबातली घाण काढा. जुना झारा त्यासाठी वेगळा काढून ठेवला की काम सोपे होते. टब स्वच्छ नसला तर माणूस नाक मुरडून जाईल पण मांजर दुसरीकडे जाईल. आठवड्यातून एकदा सगळे रिकामे करून टब साध्या साबणाने धुवा. दोन मांजरे असतील तर तीन टब. ऐकायला जास्त वाटते, पण एकीने वापरलेला टब दुसरी पुष्कळदा नाकारते.

एवढे करूनही चुकत असेल तर दूध बंद करून पाहा. आईचे दूध सुटलेल्या बऱ्याच पिल्लांना गाईम्हशीचे दूध पचत नाही, ढाळ लागते, मग टबापर्यंत पोचणार कसे? उकडलेली कोंबडी, मासे यांवर आणि पिण्याला स्वच्छ पाण्यावर ठेवा. निव्वळ दूध-पोळीवर मांजर धड वाढत नाही, शाकाहारी घरांनी पिल्लू आणण्याआधी याचा विचार करावा. जंताचे औषध डॉक्टरांना विचारून द्या. आणि वळण लागलेला बोका जर टबात बसून कुंथतो, ओरडतो, थेंबभरच शू होते, तर ते वळण बिघडणे नव्हे. लघवी तुंबली आहे. त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, एक-दोन दिवसांत ते जिवावर बेतते.

घरात सून गरोदर असली की पहिला बळी मांजराचा जातो. भीतीला आधार आहे, पण उपाय तो नाही. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परोपजीवी पसरू शकतो आणि गर्भाला इजा करू शकतो. मात्र विष्ठा पडल्यानंतर तो लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून टब रोज साफ व्हायला हवा आणि तो गर्भवतीने करू नये. हे काम नऊ महिने यजमानांकडे द्यावे, त्यांना झारा पेलवतो! तिने कच्चे किंवा अर्धे शिजलेले मांस टाळावे, भाज्या नीट धुवाव्यात आणि कुंड्यांत हात घालताना हातमोजे वापरावेत, कारण हाच परोपजीवी तिथूनही येतो. मांजराला कच्चे मांस नको, उंदीर मारायला बाहेरही सोडू नका. टबातली माती भाजीच्या वाफ्यात टाकू नये.

पिल्लू पाच-सहा महिन्यांचे झाले की बोका भिंतीवर, पडद्यावर उभ्याउभ्या फवारे मारू लागतो. त्याला टब बदलून उपयोग नाही, ती वयात आल्याची खूण आहे. त्याआधीच शस्त्रक्रिया करून घ्या, भाटीचीही. पुढच्या पावसाळ्यात जिन्याखाली नवी पाच पिल्ले नकोत ना? तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, तिथे आधी चौकशी करा आणि नेताना पिल्लाला झाकणाच्या टोपलीत घालून न्या.